उभ्या जागी धावणारी जीप

परवा रायपूरला तेलीबांध्याच्या सिग्नलला उभी होते. माझी नवी गाडी इतकी संस्कारी आहे की लाल दिवा दिसला की आपणहून गप्प होते आणि हिरवा लागला की आपणहून बोलू लागते. मध्ये मी कोण, हे ती विचारतही नाही. तर ती गप्प झाली. काच खाली होती. शेजारच्या तळ्यावरून ओला, शेवाळी वारा आला, पुढच्या जुन्या स्कूटरमधून कच्च्या पेट्रोलचा भपका आला, आणि हे दोन वास एकमेकांत मिसळताच माझा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला. कारण याच रस्त्यावर मी गाडी चालवायला शिकले, आणि शिकले ती ऍक्सिलरेटरला पाय न लावता.

खोटं वाटतं? वाटू द्या. माझ्या सांगण्यातले शंभरातले वीस कापून घ्यायची आमच्या नातेवाइकांना सवयच आहे. पण उरलेले ऐंशी आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या कुठल्याही पिकल्या केसांना विचारून घ्या. ती जीप ज्यांनी ऐकली त्यांना ती विसरता येत नाही. पाहिली असं मी म्हणत नाही. ऐकली.

जीप सरकारी होती. पेट्रोलवर चालणारी, माझ्या जन्माच्या आधीची, रंग कधीकाळी हिरवा. बाबा तिचे ड्रायव्हर. आमचं घराणं वर्ध्याकडचं. आजोबा रेल्वेत म्हणून रायपूरला आले, बाबा सरकारी खात्यात चिकटले, आणि आम्ही ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्या आणि एक गच्ची एवढ्या साम्राज्यात राहत होतो. साहेबांना सोडून आले की बाबा जीप आमच्या बोळाच्या तोंडाशी लावत. तिच्या टपावर शहराबाहेरच्या उरला गावातल्या कारखान्यांची बारीक काळी धूळ बसलेली असे. आई रोज सकाळी त्या धुळीवर बोटाने स्वस्तिक काढी, आणि बाबा रोज सकाळी ते फडक्याने पुसत. त्यांचा संसार असा सुखाचा होता.

शहर तेव्हा नुकतं नव्या राज्याची राजधानी होत होतं. काल-परवापर्यंत जिथे दुपारी दोन ते चार कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करत, तिथे अचानक लाल दिव्यांच्या गाड्या फिरू लागल्या. पाट्यांवरचं ‘म.प्र.’ खरवडून ‘छ.ग.’ लिहिणाऱ्या पेंटरांना जेवायला सवड नव्हती. मी एक पेंटर असा पाहिलाय जो डाव्या हाताने समोसा खात उजव्या हाताने पाट्या रंगवत चालला होता आणि त्या भरात रस्त्यात उभ्या गाईच्या पाठीवरही ‘छ.ग. शासन’ लिहून पुढे गेला. ती गाय पुढे वर्षभर कुणालाही वाट देत नसे. शहराला तेव्हा ऑइलपेंटचा वास होता. ऑइलपेंट, ओला चुना, नव्या फर्निचरचं पॉलिश, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या वर चढणारा शेगड्यांचा धूर.

आणि वाटण्या चालू होत्या. जुन्या राज्यातून नवं राज्य निघायचं म्हणजे दोन भाऊ वेगळे व्हायचे, तसंच. खुर्च्या वाटल्या, फायली वाटल्या, माणसं वाटली. बाबांच्या कचेरीत नियम असा सांगत होते: ज्याची गाडी चालती, तो ड्रायव्हर गाडीसकट रायपूरला. ज्याची गाडी कंडम ठरेल, तो जास्तीचा, आणि जास्तीच्यांची यादी जुन्या राजधानीला, भोपाळला. इंजिनिअरसाहेब एकेक गाडी तपासणार आणि रजिस्टरात लिहिणार. बस्स, एवढंच.

बाबांनी घरी येऊन हे सांगितलं ते चपला काढता काढता, जणू भाजी कुठली आणू असं विचारताहेत. पुढे म्हणाले, “गाडी फेल झाली त मी एकटाच जाईन भोपाळले. आठ वर्षं राह्यली नोकरीचे. पोट्टीचं कॉलेज हाय इथं. सुट्टीले येत जाईन.”

आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही, फक्त ती पोळी लाटत लाटत अशी पातळ केली की तिच्यातून पोळपाटाच्या रेघा दिसायला लागल्या. मग म्हणाली, “एकटे?”

“मंग काय खोल्या-गच्ची उचलून नेऊ?”

“मले इचारलं?”

“तुले काय इचारायचं त्यात?”

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही असं मी म्हणणार होते, पण आम्ही जेवलो, भरपूर जेवलो. आईचं माहेर सुटलं ते बाबांच्या मागे. भाषा अर्धी सुटली ती बाबांच्या मागे. भाजीवालीशी ती ‘हो’ऐवजी ‘हव’ म्हणून मान डोलवायला शिकली ती बाबांच्याच मागे. आणि आता हा माणूस आठ वर्षं सुट्टीला येतो म्हणत होता.

मग दसरा आला.

दसऱ्याला जीपची पूजा म्हणजे आमच्या बोळातला मोठा सण. पहाटे बाबा जीपला अंघोळ घालत, एवढं पाणी की खालच्या चौकापर्यंत ओढा जाई. झेंडूच्या माळा, उदबत्ती, ओल्या टायरांचा वास, नारळ फुटल्याचा तो टणक आवाज आणि बॉनेटवर उडालेलं गोड पाणी. त्या वर्षी आईने ताटात मौलीच्या लाल-पिवळ्या धाग्याचं अख्खं बंडल घेतलं होतं.

“अवो,” ती बाबांना म्हणाली, “हिचा जीव कुठं असते?”

बाबांना गाडीबद्दल कुणी विचारलं की ते फुलत. त्यांनी बॉनेट उघडलं, हवा गाळायचा डबा बाजूला केला आणि कार्बोरेटर दाखवला. “हा पाह्य. इथं हवा आन् पेट्रोल भेटते. हाच हिचा श्वास.”

“दिसत त नाई श्वास घेताना.”

“थांब, दाखवतो.” बाबा आत जाऊन बसले आणि पायाने ऍक्सिलरेटर दाबला. कार्बोरेटरच्या कुशीतली बोटभर पट्टी वर उचलली गेली. सोडला, खाली आली. दाबला, वर. आईचे डोळे चमकले. “आता तसंच धरून ठेवा जरा,” ती म्हणाली, आणि बाबांनी पाय अर्धवट दाबून धरला. आईने त्या वर उचललेल्या पट्टीला आणि शेजारच्या लोखंडाला मिळून धागा गुंडाळला, वेढ्यावर वेढे, गाठीवर गाठ. “पोट्टे, गाठीवर बोट ठेव,” ती मला म्हणाली, आणि मी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, भौतिकशास्त्रात चांगले गुण मिळवणारी मी, गाठ सैल पडू नये म्हणून तिच्यावर बोट दाबून धरलं.

आईने डोळे मिटून हात जोडले. “रायपूरचा कागद हाती आल्याबिगर हा धागा सोडणार नाई.”

मग बाबांनी जीप सुरू केली.

जीप पूर्वी ज्या आवाजात उभी राहायची तो आवाज म्हणजे जेवण झालेल्या माणसाचं पुटपुटणं. तो आवाज त्या दिवशी आलाच नाही. ती जी ओरडली, ती ओरडतच राहिली. बाबांनी पाय काढला, ती ओरडतेय. चोक बघितला, आत होता. ती ओरडतेय. बोळातली कबुतरं उडाली ती तीन दिवस परत आली नाहीत. आई मात्र पदराने डोळे टिपत म्हणाली, “पाह्यलं? पयले कशी मरगळून उभी राहे. आता पाय टिकून नाई राह्यला तिचा. जीव आला!”

तिथेच सगळं अडलं. आईच्या लेखी ते बिघडणं नव्हतंच. ते फळ होतं. जीप जेवढी उभ्या जागी धावे, तेवढा तिचा नवसावरचा विश्वास वाढे.

त्यानंतरचा दीड महिना आमच्या बोळाने कसा काढला ते बोळालाच माहीत. जीप सकाळी सुरू झाली की गच्चीवरच्या दोऱ्यांवरचे कपडे आपोआप झटकले जात. समोरच्या काकूंच्या भिंतीवरचं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे जाऊ लागलं आणि त्यांचे यजमान आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत वेळेवर पोचू लागले. एकदा मी विरजणाचं भांडं बॉनेटवर विसरले. बाबा साहेबांच्या निरोपाची वाट पाहत दहा मिनिटं उभे होते, तेवढ्यात त्यात लोण्याचा गोळा आला. हे मी कॉलेजात सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी गोळा घेऊन गेले.

गाडी पेट्रोल पिऊ लागली, ब्रेक तापू लागले. बाबांनी ती तेलीबांध्याला बिसाहू मिस्त्रीकडे नेली. बिसाहूचं गॅरेज म्हणजे तळ्याच्या काठावर चिंचेखाली एक पत्रा, एक लाकडी पेटी, आणि काळ्या तेलाने चकाकणारी जमीन, जिच्यावर पावसाचं पाणी पडलं की मोराचं पीस उमटे. आज तिथे काचेची इमारत आहे. चिंच नाही, पत्रा नाही. पण पोटात घेतलेलं तेल जमीन विसरत नाही. मी सिग्नलला उभी होते तेव्हा त्या इमारतीच्या फरशीखालून मला तो वास आला, आणि हे मी शंभरात धरूनच सांगते, वीस कापू नका.

बिसाहू लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावी आणि लाकडी मूठ कानाला. असा डोळे मिटून उभा राही की गिऱ्हाईक पण श्वास रोखून धरी. त्याने बॉनेट उघडलं, धागा पाहिला, आधी हात जोडले. मग कामाला लागला.

“भैया, स्लो नाही पकडत आहे,” तो बाबांशी त्याच्या रायपुरी मराठीत बोले. “रेस पकडून बसली.”

पहिल्या दिवशी त्याने स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीच्या धीम्या चालीचा, स्क्रू मागे फिरवला. काही नाही. आणखी फिरवला. शेवटी स्क्रू काढून हातातच घेतला, आणि जीप त्याच्या तोंडावर तशीच ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशी चोकची वायर बदलली. तिसऱ्या दिवशी कुठून चोरून हवा ओढतेय का म्हणून कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं आणि कान लावून बसला. एक बुडबुडा आत गेला नाही. तरी त्याने बुडाचं पॅकिंग नवं घातलं. चौथ्या दिवशी पट्टी मागे खेचणारी स्प्रिंग बदलली, दुप्पट ताकदीची घातली. पाचव्या दिवशी सगळा कार्बोरेटर पेट्रोलने धुतला, आणि धुताना पूजेच्या धाग्याला पेट्रोल लागू नये म्हणून त्याच्यावर प्लॅस्टिकची पन्नी गुंडाळली, बाहेरून रबर लावलं. एवढं सगळं त्या धाग्याच्या चार बोटं इकडे आणि चार बोटं तिकडे. मधल्या जागेत त्याचे हात असे वाकडे होत की पाहणाऱ्याला वाटावं तिथे साप बसलाय.

सहाव्या दिवशी मी कॉलेजातून परस्पर तिथे गेले. बिसाहू आणि बाबा चिंचेखाली बसून चहा पीत होते आणि जीप शेजारी एकटीच धावत होती.

“भैया,” बिसाहू म्हणाला, “मरज तो मिल गे. फेर दवई तुँहर घर म हे.”

म्हणजे आजार सापडलाय, पण औषध तुमच्या घरात आहे. बाबांनी बशीतला चहा फुंकला. “मले पयल्या दिवसापासून माहीत हाय.”

मी बॉनेटकडे पाहिलं. पट्टी. धागा. वर उचललेली पट्टी, जी खाली यायला पाहिजे आणि येत नाही. माझ्या बोटाला त्या गाठीचा दाब पुन्हा जाणवला, आणि भौतिकशास्त्रातल्या माझ्या सगळ्या गुणांची मला लाज वाटली.

“मंग सोडून काहून नाई टाकत?” मी ओरडले. ओरडावंच लागायचं तिच्या शेजारी.

“कोन?” बाबा म्हणाले. “हा?” बिसाहूने दोन्ही कानांना हात लावले. बाबांनी स्वतःकडे बोट केलं. “मी? तुई माय मले इचारन, धागा कुठं हाय. मी काय सांगू?”

“मी सोडते.”

“हात लावून पाह्य,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी हात मागे घेतला. बावीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, रोग ठाऊक, उपाय ठाऊक, आणि तपासणी तोंडावर. गाठ सोडली तर बायकोचा शब्द मोडतो, न सोडली तर बायको सुटते. अशा चौकात त्यांनी गाडी उभी केली होती आणि ती उभ्या जागी धावत होती.

मी घरी येऊन आईला सगळं समजावलं. वहीत आकृती काढून समजावलं. आईने आकृती नीट पाहिली, चित्र छान आहे म्हणाली, आणि विचारलं, “माह्या धाग्यानं गाडी बिघडते? लोखंड हाय ते! अन् धागा केवढा? दोऱ्याएवढा!” मग आवाज खाली आणून: “अन् कागदाच्या आधी सोडला, मंग गेले भोपाळले, त तू आणशीन परत त्यायले?”

मी वही मिटून ठेवली.

पण खरं सांगू? माझ्या आयुष्यातले ते सर्वांत श्रीमंत दिवस. कारण त्या दीड महिन्यात बाबांनी मला गाडी शिकवली. सरकारी गाडी, सरकारी पेट्रोल, गुन्हाच तो, पण बाबा म्हणाले, “अशी गाडी शिकायले पुन्हा भेटणार नाई.” आणि बरोबर होतं. नवशिक्याला एकच भीती असते, क्लच सोडताना गाडी बंद पडेल. ही बंद पडतच नव्हती! क्लच सोडला की आपोआप निघे, हत्तीसारखी, ऍक्सिलरेटरची गरजच नाही. पहाटे साडेपाचला आम्ही निघायचो. थंडीचं धुकं तळ्यावर कापसासारखं बसलेलं, पलीकडे, आज जिथे नवं शहर वसलंय त्या दिशेला, नुसती शेतं, कापलेल्या धानाचा गोडसर वास, आणि कुठेतरी फरे वाफवणाऱ्या घरातून येणारा तांदळाच्या पिठाचा. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळत असे. बाबा मफलर गुंडाळून शेजारी, कधी नव्हे ते साहेबाच्या जागी.

“पाय वर घे.”

“बंद पडेल ना बाबा!”

“पाय वर घे म्हणतो ना. तिले जायचंच हाय. तू फक्त तिले वाट दाखव.”

मी पाय वर घेतला. जीप चालली. बगळे रस्त्यातून उठले, पण घाईने नव्हे. आणि मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस भोपाळला गेला तर सकाळी साडेपाच ही वेळच माझ्या घड्याळातून जाईल. मी डोळे पुसायला एक हात काढला, तर बाबा म्हणाले, “दोन्ही हात.” त्यांना वाटलं असेल धुकं लागलंय डोळ्याला. किंवा वाटलंही नसेल.

तपासणीचा दिवस उजाडला तेव्हा मी आणि आई गच्चीवर बऱ्या घालत होतो. कोहळा किसून उडदाच्या वाटलेल्या डाळीत कालवायचा आणि चादरीवर छोटे छोटे गोळे टाकायचे. रायपुरात हिवाळ्यात ज्या गच्चीवर बऱ्या नाहीत ते घर सुतकात आहे असं समजतात. आईचे हात कोपरापर्यंत डाळीत. ती एकेक बरी इतक्या जोराने आपटत होती की गोळे नव्हते होत, थालीपिठं होत होती. तिकडे तपासणीच्या मैदानावर काय चाललं असेल, दोघी त्याच विचारात, आणि बोलत होतो मिठाबद्दल.

मग आवाज आला. ब्राह्मणपाऱ्यापासून ते मैदान चार किलोमीटर. मी सांगते, जीप तिथून निघाली तेव्हाच आम्हाला ऐकू आली. आवाज वाढत वाढत बोळात शिरला आणि खाली थांबला. म्हणजे चाकं थांबली, आवाज कुठला थांबतोय.

बाबा जिने चढून वर आले. धापा टाकत त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. इंजिनिअरसाहेबांनी बॉनेट उघडलं, धागा पाहिला, म्हणाले, खोलो. बाबा म्हणाले, माफ करा, बायकोनं बांधलाय. साहेब म्हणाले, तो कंडम लिखता हूँ. बाबा म्हणाले, अर्धा तास द्या.

“चाल,” बाबा आईला म्हणाले.

“कुठं? हात पाहा माहे!”

“तसेच आन.”

आई जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. डाळीचे हात दोन्ही बाजूंना उंच धरून, जणू तिला कुणी लुटतंय. मी मागे. बोळातली सगळी माणसं दारात. समोरच्या काकूंनी विचारलं, “काय झालं हो?” आणि आईने, भोपाळ आणि कंडम आणि नवस सगळं गिळून, एखाद्या साहेबिणीच्या थाटात सांगितलं, “ऑफिसात बोलावलं मले.”

मैदानावर पंचवीसेक गाड्या रांगेने उभ्या होत्या आणि ड्रायव्हर लोक शेंगा खात होते. मध्ये एक टेबल, टेबलावर रजिस्टर, आणि इंजिनिअरसाहेब. लांबलचक, वाळका, उन्हातही मफलर घातलेला माणूस. जीप येऊन उभी राहिली तसं टेबलावरचं पेपरवेट चालायला लागलं. ते त्यांनी हाताने धरलं.

“यही हैं?” त्यांनी बाबांना विचारलं.

“मीच हाय,” आई म्हणाली, आणि पदराला हात पुसत, बाबांनी उघडलेल्या बॉनेटपाशी जाऊन उभी राहिली. “साहेब, पहले कागद. फिर धागा.”

“बाई, पहले इंजन का आवाज सुनूँगा. फिर कागद.”

“मेरा नवस है.”

“मेरी ड्यूटी है.”

शेंगांची टरफलं फुटायची थांबली. एकीकडे देव, एकीकडे सरकार, आणि दोघांनाही दुसऱ्याने आधी हालचाल करायला हवी होती. साहेबांनी आईकडे पाहिलं, तिच्या कोपरांवर वाळलेल्या डाळीकडे पाहिलं. मग रजिस्टर उचलून बॉनेटच्या कडेवर ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं. “चार खाने हैं,” ते रिकाम्या रकान्यांवरून पेन फिरवत म्हणाले. “एक मैं भरूँ, एक आप खोलो.”

आईने गाठी मोजल्या. चारच होत्या.

साहेबांनी गाडीचा नंबर लिहिला. आईने पहिली गाठ सोडली. जीप तशीच ओरडत होती. साहेबांनी बाबांचं नाव विचारून लिहिलं. आईने दुसरी सोडली, आणि आवाज एक पायरी खाली आला. ड्रायव्हर लोकांतून कुणीतरी “अरे वा” म्हणालं. साहेबांनी गाडी किती वर्षांची ते लिहिलं. तिसरी गाठ. आवाज आणखी उतरला. आता शेजारच्याचं बोलणं ऐकू येत होतं. उरला एकच रकाना, ड्रायव्हर कुठे जाणार तो. आणि उरली एकच गाठ. साहेबांनी पेन त्या रकान्यावर धरलं आणि थांबले.

“ये आवाज सुने बिना नहीं भरूँगा,” ते हळू म्हणाले. “माफ करना.”

आईची बोटं गाठीवर होती. मी तिच्या शेजारीच होते. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा स्टिअरिंगवर बसले होते, वर उचललेल्या बॉनेटच्या पलीकडे. त्यांनी दार उघडलं, एक पाय खाली टाकला आणि तिला म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात:

“सोड. जिथं लिहितीन तिथं दोघं जाऊ.”

“दोघं?”

“दोघं. पोट्टी राहीन होस्टेलात. मोठी झाली ते, गाडी चालवते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

आईने गाठ सोडली.

धागा तिच्या हातात आला, पट्टी खाली बसली, आणि जीपचा आवाज एकदम तळाला गेला. एवढा खाली की मला वाटलं मेली. सगळ्यांनाच वाटलं. साहेबांनी मान वाकवून कान बॉनेटजवळ नेला. ती मेली नव्हती. ती तिच्या जुन्या, जेवण झालेल्या माणसाच्या पुटपुटण्यात, दीड महिन्याने घरी आल्यासारखी, उभी होती. साहेब तसेच वाकून राहिले; किती वेळ ते विचारू नका, माझ्या हिशेबाने त्यात हिवाळा संपून उन्हाळा लागला. पंचवीस ड्रायव्हर, तेवढ्या गाड्या, माझे आईबाप, कुणाचा श्वास वाजत नव्हता. आणि मग, चालू इंजिनाच्या वर, अगदी स्वच्छ, मला ऐकू आलं: कागदावर निब खरखरत होती. बॉनेटच्या कडेवरच्या रजिस्टरात साहेब ‘रायपूर’ लिहीत होते.